दीपालीची सही

दीपाली गोताडला नाही म्हणता येत नाही, हे सिंधुकडा विद्यापीठात पहिल्या महिन्यातच सगळ्यांना कळलं होतं. कुणाचा प्रकल्प अर्धा राहिलाय, कुणाला दवाखान्यात सोबत हवीय, दीपाली आहेच. असं माणूस एकदा हाताशी लागलं की जग त्याला सुखानं बसू देत नाही. त्यामुळे डिझाइन थिंकिंगची परिषद भरवायची ठरली, आणि ती विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी भरवावी असं वरून फर्मान आलं, तेव्हा सलिलसरांनी वर्गावर नुसती नजर फिरवली. ती तिसऱ्या बाकावर दीपालीपाशी येऊन थांबली.

सलिलसर माणूस वाईट नव्हे. त्यांच्याही डोक्यावर कुणी ना कुणी बसलेलं होतंच. पाहुण्या कोण, जेवणाला काय, फलकाचा रंग कोणता, हे सगळं सरांनी आणि सरांच्या वरच्यांनी ठरवलं. विद्यार्थ्यांच्या वाट्याला खुर्च्या लावणं आलं, आणि निमंत्रक म्हणून दीपालीचं नाव.

तारीख मात्र तिला विचारली होती, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला. डिसेंबरात सरांनी कॅलेंडर पुढे धरलं. होळी तीन मार्चला होती. "सात चालेल?" सरांनी विचारलं. होळी होऊन चार दिवस झालेले असणार, म्हणून दीपाली "हो" म्हणाली. वर्गातल्या बाकीच्यांनीही कॅलेंडर बघूनच माना डोलावल्या.

वास्तविक ही सगळी याच मातीतली पोरं. होळी पेटली म्हणजे शिमगा संपला असं इथलं शेंबडं पोरही म्हणणार नाही. ग्रामदेवतेची पालखी त्यानंतर घरोघर फिरते, आणि कुठल्या वाडीत कधी जायचं ते गावचे मानकरी, गावकर, बसून ठरवतात, तेही जेमतेम पंधरा दिवस आधी. कॅलेंडरात ते कुठून असणार? पण विद्यापीठाच्या वातानुकूलित खोलीत बसलं की माणसाला आपलं गाव आठवत नाही, छापलेली तारीख तेवढी दिसते.

फेब्रुवारी सरता सरता आईचा फोन आला. सावर्ड्यापासून आत, डोंगराच्या कुशीत त्यांची वाडी.

"सात तारखेला पालखी आपल्या दारात हाय गो. पाचच्या सुमाराला. बाबा चार दिवस आधीच येतायत मुंबयसून."

सात तारीख, म्हणजे परिषदेचाच दिवस. दीपालीचा बाप, बाबू गोताड, मुंबईत एका गोदामात मालाची पोती उचलायचा. वर्षभर खांद्यावर पोती, आणि शिमग्यात त्याच खांद्यावर पालखी. त्याच्यासारखी पालखी नाचवणारा पंचक्रोशीत नाही, असं म्हातारी माणसंसुद्धा म्हणत. पण दिवाळीनंतर खांदा धरला, डॉक्टरांनी ओझं बंद करायला सांगितलं. यंदा आपल्या अंगणात एकदाच घेतो, मग सोडली, असं त्यानं ठरवलं होतं. आणि दीपालीला बजावून ठेवलं होतं, "आरती तूच धरायचीस हां बाय." लहानपणापासून तीच धरत आली होती. गेली दोन वर्षं मात्र परीक्षेपायी हुकली होती.

ती सरांच्या खोलीत गेली. तारीख बदला, एवढे दोनच शब्द बोलायचे होते.

"ये ये. फलक छापून आले?" सर म्हणाले.

"हो सर."

"शाब्बास. तू आहेस म्हणून मला घोर नाही."

आली तशी ती परत फिरली. स्वतःचाच एवढा राग आला तिला की जिन्यात कठड्यावर मूठ आपटली. मग हिशेब मांडला. परिषद दीडला संपते. दोनच्या एसटीनं चारला सावर्डे, पुढे रिक्षा. पावणेपाचला अंगणात.

सात तारखेला नाव नोंदवलेले दोनशे सोळा आणि आलेले अठ्ठावन्न. लांज्याचा विनीत नाही, गुहागरचा दर्शन नाही. ज्याच्या त्याच्या दारात पालखी, आणि ज्याला त्याला ते आपल्यापुरतंच ठाऊक. पुण्याहून आलेल्या वैदेही मॅडम रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून गोड हसल्या आणि बोलू लागल्या. ज्याच्यासाठी वस्तू करायची त्याला आधी विचारा, त्याच्या मनात शिरा, ही डिझाइन थिंकिंगची पहिली पायरी. चला, जोड्या करा आणि एकमेकांना विचारा.

जोडीला एक जण कमी पडला म्हणून दीपालीला ओढून बसवलं. समोर पहिल्या वर्षाची सानवी, हातात पिवळी चिठ्ठी.

"ताई, तुला आत्ता या क्षणाला सगळ्यात जास्त काय हवंय?"

दोन महिन्यांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. पलीकडून सर खूण करत होते, माइक बंद पडला होता.

"माइकची वायर," ती म्हणाली.

सानवीनं तसंच लिहून चिठ्ठी भिंतीवर लावली.

दीडला टाळ्या झाल्या. दीपालीनं पिशवी खांद्याला अडकवली, तोच छापखान्याचा माणूस प्रमाणपत्रांचा गठ्ठा घेऊन आला. सकाळी नऊला यायचा होता.

"नावं हातानं घालायचीत, आणि तुझी सही लागेल. विद्यार्थ्यांची परिषद ना, माझी चालत नाही," सर म्हणाले.

"आलेल्यांच्याच ना सर? अठ्ठावन्न?"

सरांनी नजर चुकवली. "सगळ्यांच्या कर. सोमवारी तपासणीला समिती येतेय. आज संध्याकाळी फाइल बंद करायचीय."

दाराला कुणी कडी घातली नव्हती. मला घरी जायचंय, एवढं म्हटलं असतं तर सर काही खाणार नव्हते. ते तिला त्या वेळीही कळत होतं, हेच तर वाईट. ती खुर्ची ओढून बसली. विनीत उपस्थित होता, सही. दर्शन उपस्थित होता, सही. जे आत्ता आपापल्या अंगणात ढोलाच्या तालावर नाचत होते, ते सगळे इथं हजर होते असं ती एकेक करून लिहून देत होती. दोनची गाडी गेली. तीनची गेली. बोटं निळी झाली. शेवटची सही झाली तेव्हा चार वाजून गेले होते.

दिवेलागणीला ती घरी पोचली. अंगणभर गुलाल, त्यात पावलंच पावलं. ढोल वरच्या वाडीत वाजत होता. बाबू पडवीत भिंतीला टेकून बसला होता.

"आलीस बाय? दमलीस गो."

"बाबा, पालखी..."

"मी नाय घेतली. पोरांनी नाचवली. म्हटलं, पुढच्या वर्षी घेऊ, तू असलीस की."

त्यानं तिची पिशवी घ्यायला डावा हात पुढे केला. उजवा मांडीवर तसाच पडून होता. त्या खांद्यावर सदरा पालखीच्या दांड्यानं चुरगळलेला, गुलालानं लालभडक, आणि आतून आईनं बांधलेल्या शेकाच्या फडक्याचा फुगवटा दिसत होता. दीपालीनं पाहिलं. आपण पाहिलं हे त्याला कळू नये म्हणून ती खाली वाकून चपला काढत राहिली.

"तुझा कार्यक्रम बरा झाला मा?" बाबूनं विचारलं. "माणसं आली?"

दीपालीनं निळी बोटं ओढणीत लपवली.

"आली ना बाबा," ती म्हणाली. "दोनशे सोळा."