शिर्केभाऊंनी सोडवलेला वड

सुभानपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत जनार्दन शिर्के राहायला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी त्यांना चक्रम ठरवून टाकलं. माणूस दूध आणायला निघे आणि वाटेतल्या प्रत्येक झाडापाशी थांबे. खोडात खिळा दिसला की तिथेच भांडण. खिशातल्या डायरीत दाढीचं अर्धं ब्लेड कायम. युनिव्हर्सिटीच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते चौतीस वर्षं अटेंडंट होते, शिक्षण दहावी. खोडाचा कागदाहून पातळ काप घ्यायचा झाला की एम.एस्सी.ची पोरं आधी शिर्केभाऊंना शोधत. हे मला फार नंतर कळलं. तोवर मी त्यांना येताजाता टोमणे मारून घेतले होते, कारण जीभ हे माझं जुनं दुखणं आहे.

फाटकाजवळचा वड आमच्या ह्यांनी लावलेला. रिफायनरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी वीतभर रोप आणलं आणि दोन उन्हाळे बादलीने पाणी घातलं. ते गेले त्याच्या पुढच्या वर्षी वड पिवळा पडायला लागला. पानं लहान येऊ लागली, शेंडा विरळ झाला. माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

सोसायटीचा सेक्रेटरी समरजित एका संध्याकाळी दाराशी आला. "मावशी, वाईट वाटतंय, पण झाड वाळतंय. वादळात कुणाच्या अंगावर पडलं तर? रविवारी कापायला माणसं बोलावली आहेत."

मी भांडले, रडले, दोन्ही केलं. उपयोग शून्य. शनिवारी सकाळी वडाखाली जाऊन उभी राहिले, तर शिर्केभाऊ आधीच तिथे खोडाला नाक लावून उभे.

"वहिनी, हात लावून बघा," ते म्हणाले. छातीच्या उंचीवर खोडाला मोठा फुगवटा आला होता, त्याच्या खाली एकदम बारीक खाच. शिर्केभाऊंनी ब्लेडने खाचेतली साल अलगद खरवडली आणि चिमटीत धरून काहीतरी ओढलं. लाल-पिवळी नायलॉनची दोरी होती.

"ही कुणी बांधली?"

मीच बांधली होती. एका वटपौर्णिमेला प्रदक्षिणा घालताना माझं सूत मध्येच तुटलं होतं आणि ते मनाला इतकं लागलं की पुढच्या वर्षी मी दांडिया बाजारातून नायलॉनच्या दोरीचं अख्खं रीळ आणलं. तुटणार नाही, कुजणार नाही. सोसायटीतल्या पंधराजणींना वाटली, स्वतः सात फेरे घट्ट गुंडाळले. ह्यांच्या आयुष्यासाठी. सूत असतं तर दोन पावसाळ्यांत गळून गेलं असतं. दोरी तशीच राहिली, झाड जाड होत गेलं आणि दोरी आत रुतली. ह्यांच्या झाडाला ह्यांच्याच नावाचा फास मी लावला होता.

शिर्केभाऊंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि परत विचारलं नाही. घरी गेले, लाल शाईच्या पाण्यात बुडवलेली तेरड्याची काडी घेऊन आले. पारदर्शक देठातून लाल रेघा वर चढलेल्या दिसत होत्या.

"हे बघा. पाणी वर जातं ते आतल्या लाकडातून. दोरी तिथवर पोचली नाही, म्हणून तर झाड इतके दिवस हिरवं राहिलं. पण स्वयंपाक होतो वर, पानांत. उन्हावर. तो मुळांपर्यंत उतरतो सालीतून, आणि साल आवळली गेली. जेवण अडलं, म्हणून हा फुगवटा. मुळं उपाशी आहेत, समजलं ने?"

"मग मेलंच की हो ते."

"कोण बोललं? मागे खोड खोलगट आहे, तिथे दोरी रुतली नाही. चार बोटं साल शाबूत आहे. मी बघितली."

समरजितला त्यांनी तेच सगळं सांगितलं. दोरी कुणाची ते मात्र सांगितलं नाही. वरची जड फांदी छाटून झाड हलकं करतो, दोन वर्षं द्या, काही झालं तर जबाबदारी माझी, असं लेखी दिलं. ज्या माणसाला मी चक्रम म्हणत होते, त्याने माझ्या चुकीखाली आपली सही केली.

मग त्यांनी दोरीचा तुकडान् तुकडा काढला. फुगवट्याच्या वरच्या फांदीला इवल्या पारंब्या फुटत होत्या. गाड्यांना लागतात म्हणून आम्ही त्या दर वर्षी कापायचो. शिर्केभाऊंनी त्यातल्या तीन निवडल्या आणि माती-शेणखत भरलेल्या उभ्या बांबूंतून जमिनीकडे सोडल्या. पारंबी म्हणजे मूळच. जमिनीला टेकली की वरचं जेवण आणि खालचं पाणी यांना दुसरा रस्ता मिळतो. रोज सकाळी बांबूंत पाणी घालायचं काम माझं. ह्यांच्याच बादलीने घातलं.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर बांबू फोडले. तीनही पारंब्या जमिनीत घट्ट, मनगटाएवढ्या. शेंड्याला तळहाताएवढी नवी पानं. मी भररस्त्यात शिर्केभाऊंच्या पाया पडायला वाकले, तर ते दचकून मागे सरले आणि कुंडीवर आदळले.

गेल्या वटपौर्णिमेला बायका पूजेला जमल्या. मी आपली खिडकीतून बघत होते. नवरा गेलेल्या बाईला तिथे कोण बोलावतं? एवढ्यात खालून हाक आली. शिर्केभाऊ उभे होते. सगळ्यांकडून त्यांनी कच्चं सूतच आणवलं होतं.

"वहिनी, परवा सकाळी खाली या. कात्री घेऊन."

"कशाला?"

"बांधायला पुष्कळ जणी आहेत. सोडवायला कोणीतरी जबाबदार माणूस पाहिजे. मी कमिटीला तुमचं नाव दिलंय."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले. एकेक फेरा कापला, खोडावरून हात फिरवून कुठे काही राहिलं नाही ना ते पाहिलं. जुनी खाच आता नुसती बोटाला लागते. शिर्केभाऊ दुधाची पिशवी घेऊन बाजूला उभे होते. शेवटचा धागा निघाल्यावर मी म्हटलं, "भाऊ, ती दोरी माझी होती."

"माहीत आहे," ते म्हणाले आणि दूध नासेल म्हणत घरी गेले.