खांद्याच्या वर

माझी ज्युनियर कारकीर्द एका रशियन मुलीमुळे सुरू झाली, आणि तिला याचा पत्ताही नाही. ती माझ्याच वयाची, बर्फावर जोडीनं स्केटिंग करणारी. तिचा जोडीदार वेगात घसरता घसरता तिला हात ताठ करून डोक्याच्या वर उचलून धरायचा. मोबाइलवर ती लिफ्ट बघताना माझ्या अंगावर काटा यायचा. बऱ्हाणपुरात बर्फ मिळतो तो उसाच्या रसात टाकायला. पण माझ्याकडे चाकांचे स्केट्स होते, शाळेत सिमेंटचं मैदान होतं आणि आमच्या सरांना दांडगी हौस होती.

जोडीदार म्हणून घरच्यांनी चुलतभावाला पसंत केलं. त्याला मी राखी बांधते, तेव्हा त्यानं कमरेला धरलं तरी कुणाची हरकत नव्हती. आतेभाऊ असता तर आमच्या अर्ध्या जसोंडी गावानं लग्नाची तारीख विचारली असती.

चुलतभाऊ जसोंडीच्या केळीच्या बागेत वाढलेला. घड उचलावा तसा तो मला झटक्यात उचलायचा आणि खांद्याशीच थांबायचा. ओझं खांद्यापर्यंतच न्यायचं, हे त्याच्या हाडीमाशी खिळलंय, असं सर म्हणायचे. मी तर जाम चिडायचे. मला काय ट्रकमध्ये भरायचंय का, असं त्याला विचारायचे. त्या रशियन मुलीनं तोवर दोन जोडीदार बदलले होते. मला दुसरा चुलतभाऊ नव्हता.

इंदूरची राज्यस्पर्धा आली. पुढच्या वर्षी तो वयानं ज्युनियरमधून बाद होणार आणि बागेच्या कामाला लागणार, हे ठरलेलं होतं. म्हणजे लिफ्ट जमली तर इंदुरातच जमणार, नाहीतर कधीच नाही. रिंकबाहेर बूट बांधताना तो हळूच म्हणाला, "वजनाचं काही नाही गं. तू डोळे मिटून आखडते ना, मग मेरी हिंमत नाही होत."

म्हणजे एवढे दिवस आम्ही बिचाऱ्या केळीला उगाच बोल लावत होतो. माझा राग कुठल्या कुठे गेला.

गाणं सुरू झालं. वेग घेतला, त्यानं कमरेला धरलं, मी उडी घेतली. खांदा आला. मी डोळे टक्क उघडे ठेवले, आणि खांदा खाली राहिला! वर पत्र्याचं छत गरगरत होतं, खाली सर दोन्ही हात उंचावून नाचत होते, आणि मी सगळ्यांच्या वर होते. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसत सुटले. ठेक्यावर खाली उतरायचं होतं, ते माझ्या गावीही नव्हतं. त्यानं कोपर वाकवायला सुरुवात केली, तर मी त्याच्या खांद्यावर रोवलेला माझा हात ताठच ठेवला. गाणं संपलं. परीक्षकांनी गुण लिहून पेनं खाली ठेवली.

"उतर ना आता," तो खालून धापा टाकत म्हणाला, "म्युझिक कब का खतम झालं."

"अजून एक चक्कर," मी म्हणाले, आणि त्यानं ती मारली.