मामांची बसकी गाडी

स्पोर्ट्स कारमधून म्हशीचं दूध डेअरीला घालणारा माणूस सबंध पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला आणि तो माझा मामेसासरा आहे, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगायला तयार आहे. इतरांचे मामेसासरे लग्नात फेटा बांधून घेतात आणि पंगतीत जिलबीचा आग्रह करतात. आमचे मामा हळदीसारख्या पिवळ्याधमक, दोन सीटच्या, जमिनीला पोट टेकलेल्या गाडीत आडवे पडून यायचे. आडवे अशासाठी, की मामा सहा फुटी, वर कडक इस्त्रीची पांढरी टोपी, आणि ती काढायला ते तयार नाहीत. "छपरासाठी टोपी काढू व्हय मी? छपरानं काय ते बघावं." छपराने काही बघितलं नाही, म्हणून सीट मागे पाडली. न्हाव्याकडे दाढीला बसावं तसे ते गाडी चालवायचे.

चाकणजवळच्या निघोज्यातली मामांची बरीचशी जमीन गाड्यांच्या कंपनीत गेली. ज्या वावरात ते हरभरा करायचे तिथे आता उंच भिंत आहे आणि भिंतीपलीकडे नव्या गाड्यांची चाचणी घ्यायचा गोल रस्ता. दिवसभर तिथून झूंऽऽ असा आवाज येतो. दोन वर्षं मामांनी तो आवाज ओट्यावर बसून ऐकला आणि एके दिवशी पुण्याहून ही जुनी गाडी घेऊन आले. "माज्या हरभऱ्यात लोकांच्या गाड्या पळत्यात, जावईबापू. मग आपली एक असाया नको?" मी चहा प्यायलो आणि गाडी छान आहे म्हणालो.

बरं, घेतली तर घेतली, रविवारी मिरवावी. छे! ती रोज वापरायची हा मामांचा हट्ट. "शोभेला ठिवायला ती काय चांदीचं तबक हाय?" शेजारच्या सीटवर दुधाची किटली बसायची, तिला पट्टा लावलेला असायचा. स्वतः मामा पट्टा लावायचे नाहीत, कारण आडव्या माणसाला तो गळ्याशी येतो. या गाडीचं इंजिन मागे आणि डिकी पुढे. त्या डिकीत पेंडीचं पोतं मावत नाही, म्हणून पेंड सुटी भरायचे. गाडीला सात गियर आहेत, पण चाकणच्या रस्त्यावर कंटेनरच्या मागे मामांचा तिसरा कधी पडला नाही. शिवाय कंटेनरवाल्यांना ही गाडी वरून दिसायचीच नाही. एकदा एक टायर मामांच्या टोपीच्या उंचीवर येऊन थांबला, तेव्हापासून मागे बांबू बांधून त्याला लाल फडकं लावलं. लांबून बघितलं की गर्दीतून नुसतं फडकं येताना दिसायचं आणि लोक म्हणायचे, मामा आले.

मामी त्या गाडीत एकदाच बसल्या. बसल्या त्या बसल्याच. गुडघ्यांमुळे उठता येईना, शेवटी दोन सुनांनी दोन्ही काखांत हात घालून बाहेर काढलं. "ह्याच्यापरीस भुईवर फतकल घातलेलं बरं," एवढं बोलून त्यांनी पदर झटकला आणि पुन्हा गाडीकडे पाहिलं नाही.

त्यामुळे किटली नसेल तेव्हा शेजारी बसायचा मान बहुधा मला. मी चाकणलाच नोकरीला, आणि जावई म्हटल्यावर नाही म्हणायची सोय नाही. मान कसला, हमाली! स्पीडब्रेकर आला की गाडीचं पोट घासायचं, म्हणून मामांनी बाभळीच्या दोन फळ्या बाळगल्या होत्या. त्या आत मावायच्या नाहीत, खिडकीतून अर्ध्या बाहेर, आणि त्या धरायच्या जावयाने. प्रत्येक स्पीडब्रेकरला मी उतरायचं, फळ्या लावायच्या, पुढे उभं राहून हाताने इशारे करायचे, मग फळ्या उचलून पळत गाडी गाठायची. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, मागे दहा कंटेनरांचे भोंगे, आणि खालून मामांचा शांत आवाज, "डावी फळी आत घ्या जरा, बापू." आमच्या मॅनेजरने मला एकदा या अवस्थेत पाहिलं. त्या वर्षी माझी बढती हुकली, ती याचमुळे असं माझं ठाम मत आहे.

फळ्यांनी सगळे स्पीडब्रेकर पार व्हायचे, फक्त एक सोडून. तो मामांच्या दारातला. त्यावर गाडी चढली की पुढची चाकं हवेत, मागची हवेत, आणि मामा मधोमध झुलतायत. डेअरी मामांच्या ओट्यावरून दिसते, स्पीडब्रेकरच्या पलीकडे दोनशे पावलांवर. तिथे जायला मामा रोज उलट्या बाजूने निघत, कंपन्यांच्या रस्त्याने सहा किलोमीटर फिरून डेअरीशी पोचत आणि तसेच परत येत. आणि हा राक्षसी स्पीडब्रेकर बांधला कोणी? खुद्द मामांनी! रस्त्यापलीकडे उरलेल्या तुकड्यात मामींचं माळवं आहे. एकदा मामी रस्ता ओलांडताना कंटेनर इतका जवळून गेला, की नुसत्या वाऱ्याने डोक्यावरची वांग्यांची पाटी उडाली. पंचायतीने स्पीडब्रेकरसाठी अर्ज द्यायला सांगितलं. मामांनी अर्ज दिला, आणि त्याच दुपारी रस्त्यावर आडवे उभे राहून काँक्रीटचा मिक्सर थांबवला, उरलेला माल दारातच ओतून घेतला. उंची मोजली स्वतःच्या नडगीने.

उन्हाळ्यात एकदा त्या सहा किलोमीटरच्या ट्रॅफिकमध्ये दूध नासलं, तेव्हा मामांच्या मुलाने निर्वाणीचं सांगितलं, "आबा, एक तर गाडी इकून टाका, न्हाईतर ह्यो स्पीडब्रेकर फोडा." मामा दोन दिवस गाडीभोवती फेऱ्या मारत राहिले. गाडी विकायची म्हटलं की भिंतीपलीकडून झूंऽऽ ऐकू यायचं. तिसऱ्या दिवशी मला फोन आला, "ऐतवारी सकाळी या. पहार हाय माज्याकडं."

गेलो. मामांनी धोतर खोचलं होतं, पहार दोन्ही हातांनी वर उचलली होती. तेवढ्यात मामी पाटी घेऊन घरातून निघाल्या आणि सरळ रस्त्यावर उतरल्या. इकडे बघितलं नाही, तिकडे बघितलं नाही, सुनेशी बोलत, अंगणातून चालल्यासारख्या. समोरून कंटेनर येत होता. पण तो फुस्स करून मंदावला, स्पीडब्रेकरपाशी जवळजवळ थांबलाच, आणि मामी त्याच्या नाकासमोरून गुडघा धरत धरत पलीकडे गेल्या. त्यांना तो दिसला की नाही, देव जाणे.

मामांची पहार वरच राहिली होती. मग ती त्यांनी हळूच भुईवर आडवी ठेवली. "ऱ्हाऊ द्या, बापू. च्या घेऊ."

आता गाडी गोठ्यात मामींच्या जुन्या लुगड्याखाली उभी आहे. दूध मामा हातात किटली घेऊन पायी नेतात, आणि भिंतीपलीकडून आवाज आला की मध्येच थांबून तिकडे बघतात. मला फार वाईट वाटतं. ज्या फळ्यांना मी इतक्या शिव्या दिल्या, त्या आता गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावल्यात. जाताना मी त्यांना हात लावतो.

गेल्या महिन्यात गेलो तर मामा पुन्हा मिक्सर अडवून उभे. स्पीडब्रेकरवर आणखी चार बोटं माल चढवत होते. मामी ओट्यावरून ओरडल्या, "अवो, आधीच काय कमी उंच हाय का त्यो? आता आणि कशापायी?"

मामांनी थापी फिरवता फिरवता वरही पाहिलं नाही. "तुझी चाल हळू झालीया," म्हणाले.