डॅनियल नावाचा तोतरा माणूस

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. आणि आता सांगते आहे ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे — माझं मन जड वगैरे काही नाही, वेळेवर जेवते, वेळेवर झोपते. पण नातेवाइकांत कोणी म्हटलं, "ताईने भावासाठी किती केलं हो," की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणून एकदा नीट ऐका. मग काय म्हणायचं ते खुशाल म्हणा.

माझा धाकटा भाऊ प्रमोद बोलताना अडखळतो. बाबा चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यात होते, आम्ही तिथल्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलो. गंमत अशी, की खाली पोरांशी तमिळमध्ये तो बऱ्यापैकी धडाधड बोलायचा. सगळ्यात जास्त अडायचा तो मराठीत. मराठीत — म्हणजे घरात. म्हणजे माझ्यासमोर. हे मला तेव्हा कळत नव्हतं का? कळत होतं. पण त्याचं पहिलं अक्षर ओठांवर आलं, की पुढचा शब्द मी पुरवून मोकळी. फोनवर, पाहुण्यांत, शाळेत बाईंसमोर — सगळीकडे त्याच्या वतीने मी. लोक कौतुक करायचे आणि मला ते फार आवडायचं.

मग ते ब्लॉगचं खूळ आलं. दोन हजार आठच्या सुमाराची गोष्ट. मी चेन्नईत एग्मोरला एका ट्रॅव्हल एजंटकडे तिकिटं काढायच्या कामावर होते, इंटरनेट दिवसभर समोर. ब्लॉग लिहायचा, त्यात एखाद्या पुस्तकाची, कोर्सची लिंक द्यायची, आणि कोणी त्या लिंकवरून विकत घेतलं की आपल्याला कमिशन. अफिलिएट मार्केटिंग. नवशिक्यांसाठीचे जेवढे लेख वाचले, त्या सगळ्यांत पहिली पायरी तीच — आधी आपला विषय निवडा. छोटा, नेमका, एकच. मी वहीत यादी केली. केसगळती, तिथे आधीच जत्रा भरलेली. कुत्र्याला शिकवणं, आमच्याकडे साधं मांजरसुद्धा नव्हतं. वजन कमी करणं — आणि कोणी माझा फोटो मागितला असता तर? शेजारच्या टेबलावरच्या सेल्वीने यादी वाचली आणि हसली. "अक्का," ती म्हणाली, "जे दुकानात मागायला लाज वाटते ना, तेच लोक नेटवर घेतात."

मला प्रमोद आठवला. विचार करावा लागला नाही, आठवलाच. भावाची लाज — हा माझा विषय ठरला.

पण नुसती माहिती कोण वाचतं? भोगलेलं लोक वाचतात. म्हणून मी डॅनियल तयार केला. कॅनडाचा, पस्तिशीचा, वीस वर्षं तोतरं बोलून मग सुधारलेला. ब्लॉग इंग्रजीत, फोटो कुठला तरी, आणि दुःख सगळं प्रमोदचं. हजेरीला "प्रेझेंट" न फुटल्यामुळे लागलेली गैरहजेरी. आणि बसचं तिकीट — आपल्या स्टॉपचं नाव तोंडातून निघेना, म्हणून सोप्या नावाच्या स्टॉपचं तिकीट काढायचं आणि उरलेलं अंतर उन्हात चालायचं. हे त्याने मला एकदाच सांगितलं होतं. कोणाला सांगू नकोस, म्हणाला होता. मी कोणाला सांगितलं? साऱ्या जगाला. खाली तोतरेपणा घालवायच्या ऑडिओ कोर्सची लिंक होतीच.

लोक वाचू लागले, लिहू लागले. आणि एक दिवस डॅनियलला चेन्नईहून मेल आली. लिहिणारा श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात शिफ्टला होता, प्रमोदसारखाच. लिहिलं होतं — ते बसच्या तिकिटाचं वाचून मला रडू आलं, मला वाटायचं जगात असं करणारा मी एकटाच. तुमच्या लिंकवरून कोर्स घेतला आहे, कंपनीच्या बसमध्ये कानाला लावून ऐकतो. खाली सही फक्त 'पी' अशी.

आमचाच पी. दुसरा कोण असणार?

तेव्हाच सांगायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. मलाही ते समजत होतं. मी मेल पुढे वाचली. येत्या रविवारी मुलगी पाहायला जायचं आहे, त्याने लिहिलं होतं. माझी बहीण नेहमी माझ्याऐवजी बोलते. या वेळी मला स्वतः बोलायचं आहे, कितीही अडखळलो तरी. तिला गप्प बस असं कसं सांगू?

डॅनियलने उत्तर दिलं. तुझी बहीण तुझ्यावर माया करते, पहिल्या भेटीत तिलाच बोलू दे, घाई करू नकोस.

त्याची फजिती होईल या काळजीने लिहिलं, असं मला म्हणता येईल. पण ते खोटं ठरेल. मला राग आला होता. माझ्या पाठीमागे, एका परक्या माणसाकडे माझी तक्रार? तो परका माणूस मीच होते, तरीही राग आला. आणि प्रमोद माझं ऐकणार नव्हता, डॅनियलचं ऐकणार होता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

रविवारी गेलो. मुलगी हेमा, तंजावरकडच्या मराठी घरातली, कित्येक पिढ्या इकडेच. घरातले मोठे मराठीत बोलत होते; तिला तमिळच सोपं. तिने प्रमोदला कामाबद्दल विचारलं. मी तोंड उघडलं, तशी तिने माझ्याकडे न बघता त्याला म्हटलं, "नींग सोल्लुंग." तुम्ही सांगा. तमिळमध्ये विचारलं होतं तिने. तमिळमध्ये तो बोलला असता. मला माहीत होतं. त्याचे ओठ हललेसुद्धा, आणि मग त्याने माझ्याकडे पाहिलं — डॅनियलने सांगितलं होतं ना. मी बोलले. अस्खलित, हसतमुख, पंधरा मिनिटं.

त्यांचा निरोप आला: मुलगा चांगला वाटला, पण त्याचा आवाज आम्ही ऐकलाच नाही.

प्रमोदने डॅनियलला पुन्हा लिहिलं. बहिणीचा दोष नाही, माझंच चुकलं असेल, पुढे काय करू? मी उत्तर दिलं नाही. ब्लॉग काढून टाकला. कोर्सचं कमिशन मात्र परत केलं नाही.

पुढे त्याने कंपनीतल्या एका तमिळ मुलीशी लग्न केलं. स्वतः विचारलं, स्वतः जमवलं. सुखात आहे. ते माझ्या खात्यात धरू नका.

आता शेवटचं. गेल्या भाऊबीजेला दोघं आली होती. ओवाळून झालं, करंजी खाता खाता तो जुन्या गोष्टींवर आला. म्हणाला, "ताई, तेव्हा नेटवर एक माणूस होता. फार आधार वाटायचा त्याचा. मध्येच गायब झाला. नाव काय बरं त्याचं... ड... ड..."

"डॅनियल," मी म्हणाले.

सवय. जन्माची सवय. त्या माणसाबद्दल त्याने मला त्याआधी कधीच काही सांगितलं नव्हतं. त्याच्या हातातली करंजी तशीच राहिली. तो माझ्याकडे बघत राहिला. मी मान खाली घातली नाही. "हो," तो म्हणाला, "डॅनियल." मग बायकोला हाक मारून चप्पल घालायला गेला.

 फोन करतो अजून, दर रविवारी, न चुकता. पण तेव्हापासून माझ्याशी तमिळमध्ये बोलतो. मला 'नींग' म्हणतो, परक्या बाईला म्हणावं तसं. सरळ, सलग बोलतो. एकही शब्द मला पुरवावा लागत नाही.