पेट्रोलच्या टाकीचं झाकण
पेट्रोलचा वास आला की मला अजून मळमळतं, आणि पाठोपाठ कशेळ्याहून कर्जतला निघालेली आमच्या दवाखान्याची जीप आठवते. मी नर्स होते. मागे एक अडलेली बाई माझा हात घट्ट धरून कण्हत होती, तिची सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, आणि जीप दर दोन मैलांवर बंद पडत होती. ड्रायव्हर बॉनेट उघडून तारा हलवायचा, काही सापडायचं नाही. मग पेट्रोल बघायला टाकीचं झाकण फिरवलं की सूं असा आवाज यायचा आणि जीप मुकाट सुरू व्हायची. “पेट्रोल हाय, करंट हाय, मंग हिला झालंय तरी काय?” तो घामाघूम झाला होता. तिसऱ्यांदा सासूच ओरडली, “अरं, झाकण काढलं की चालतीय ना? मंग लावतो कशाला रं?” टाकीच्या तोंडाला फडकं बांधून आम्ही कर्जत गाठलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. बाहेर येऊन बघते तर ड्रायव्हर पायरीवर बसून झाकणाचं हवेचं बारीक भोक टाचणीने कोरत होता. त्यातून पिवळा साबण निघाला. त्याने तो हुंगला, माझ्याकडे पाहिलं आणि टाचणी विजारीला पुसली. “टाकी हवा मागत व्हती, बाई. हवा शिरल्याबिगर पेट्रोल उतरत न्हाई,” एवढंच म्हणाला. मागे बसलं की टाकीचा वास यायचा, तो येऊ नये म्हणून आदल्या दिवशी तो साबण मीच दाबून भरला होता. त्याला कळलं असेल का? दुसऱ्या दिवसापासून तो मला पुढे, वाऱ्याला बसवू लागला.