बग्गीतली तिची अर्धी वाट

आमच्या महाडच्या आळीत त्या वर्षी हळदीकुंकवाला चिठ्ठ्या टाकून एक बक्षीस ठेवलं होतं. पोलादपूरच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी, कुणी मुंबईकराने नवं रिसॉर्ट काढलं होतं. तिथल्या बग्गीच्या सफरीचं दोघांचं कुपन ते बक्षीस होतं आणि ते माझ्या बायकोला लागलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे दिवसभर मी ते मलाच लागल्यासारखा वागलो.

बायकोला गाडी येत होती. शेजारच्या ट्रान्सपोर्टवाल्या चाचांनी तिला त्यांच्या जुन्या जीपवर शिकवलं होतं, सकाळच्या वेळी, वीर स्टेशनच्या रस्त्यावर. लायसनही पहिल्या फटक्यात मिळालं होतं. मग आम्ही जुनी मारुती घेतली, आणि ती मी चालवू लागलो. दोनदा तिने चालवली, तेव्हा शेजारी बसून मी इतक्या सूचना केल्या, की तिसऱ्यांदा तिने विचारलंच नाही. कोर्टात कारकुनी करून मला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय लागली होती, असं मी मित्रांना सांगत असे. खरं तर सवय आधीचीच होती.

बग्गी म्हणजे चार जाडजूड टायर, वर लोखंडी पाइपांचा सांगाडा, दोन सीट. दार नाही, काच नाही. गिअर टाकायचे नाहीत; एक ब्रेक, एक ॲक्सिलरेटर. सोबतचा माणूस तिथलाच, तिशीतला, मोटरसायकलवरून पुढे राहणार होता. त्याने निघतानाच नियम सांगितला.

"जाताना एकानं चालवायची, येताना दुसऱ्यानं. वर वाडीवर चहा घ्यायचा आनि तितं सीट बदलायची."

"जाताना तुम्ही चालवा," बायको मला म्हणाली. "मी वाट बघून घेते."

तिने खरोखरच बघून घेतली. कुठे चाकोरी खोल आहे, कुठे दगड वर आलाय, सगळं ती मोठ्याने म्हणत होती, लक्षात ठेवायला. मला मात्र वाटलं, मलाच शिकवतेय.

"अगं, दिसतंय मला!"

"तुम्हाला कोण सांगतंय? मी माझं पाठ करतेय."

वाडीवर चहा झाला. सोबतचा माणूस म्हणाला, "मॅडम, आता तुमी. मी पुढं ओढ्यावर थांबतो," आणि निघून गेला. बायकोने पदर खोचला, हेल्मेट चढवलं. बघते तर मी पुन्हा स्टिअरिंगमागे.

"अहो, उठा."

"उतार तीव्र आहे. तेवढा संपला की देतो."

मी हे प्रामाणिकपणे म्हणालो होतो. निदान तेव्हा तसं वाटलं होतं. उतार संपला.

"संपला उतार."

"ओढा होऊ दे."

"ओढ्यात घोटाभर पाणी आहे. जाताना तुम्हीच म्हणालात, पायसुद्धा भिजणार नाहीत."

"पाण्याखाली गोटे असतात. तुला काय कळतंय!"

"मग आणलंत कशाला मला? बाजूच्या सीटवर गोणी ठेवायचीत सिमेंटची, ती बोलली नसती."

याला चोख उत्तर द्यायचं म्हणून मी मान वळवली. वाट तिथे डावीकडे वळत होती. आम्ही वळलो नाही. बग्गी बांधावरून उडी मारून सरळ वालाच्या शेतात शिरली आणि दहा-बारा हात आत जाऊन थांबली. भात काढल्यावर आमच्याकडे त्याच ओलीवर वाल करतात. जानेवारी संपत आला होता. शेंगा भरलेल्या होत्या. मागे बघितलं तर चाकांच्या रुंदीच्या दोन पट्ट्या आडव्या झालेल्या.

आम्ही दोघंही उतरलो. आवाज ऐकून सोबतचा माणूस मोटरसायकल फिरवून आला आणि लांबूनच ओरडला, "मॅडम, ब्रेक मारायचा ना!" त्याच्या हिशेबाने दुसरं कुणी चालवत असणं शक्यच नव्हतं. पेंढ्याच्या उडवीमागून एक म्हातारी विळा घेऊन आली. तिने हे ऐकलं आणि ती बायकोकडेच वळली.

"डोळे कुठं व्हते गो बाय तुझे? यवढी वाट हाय, ती दिसली नाय? येत नाय तर गप बसावं ना बाजूला! नवरा हाय ना चालवायला!"

बायकोने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नुसतं बघत राहिली, माझं तोंड उघडतंय का एवढंच. आणि मी खाली वाकून टायर तपासू लागलो. टायरला काहीही झालेलं नव्हतं. तरी मी त्यावरून दोनदा हात फिरवला.

मग तीच म्हणाली, "चुकलं, आजी." म्हातारीबरोबर खाली बसून ती आडवे झालेले वेल सरळ करू लागली. मोडलेले होते त्यांच्या शेंगा खुडून म्हातारीच्या ओच्यात घातल्या. म्हातारी पुटपुटत होती, पण आवाज उतरला होता. नुकसानीचं रिसॉर्टवाले बघतील, असं सोबतच्या माणसाने तिला सांगितलं. मग तो माझ्याकडे आला.

"साहेब, आता तुमीच घ्या. मॅडमना नको आता."

बसलो आणि चालवली. ओढा ओलांडल्यावर, इंजिनाच्या आवाजात, मी तिला म्हणालो, "मी सांगणारच होतो."

"मग सांगा की. तो बघा, पुढेच चाललाय."

सांगितलं नाही. रिसॉर्टवर पोहोचलो, तर बातमी आमच्या आधी पोहोचली होती. मालक स्वतः बाहेर येऊन बायकोला म्हणाला, "असू द्या वहिनी, सवय नसली की होतं असं." तिने नुसती मान हलवली. ती मान हलवणं मला बघवेना.

"मी चालवत होतो," मी म्हणालो. "शेतात मीच घातली. यांच्या हातात स्टिअरिंग गेलंच नाही."

मालक माझ्याकडे बघून हसला. सोबतचा माणूसही हसला.

"साहेब, मानलं तुम्हाला. बायकोची चूक स्वतःवर घेणारा नवरा आजकाल मिळतो कुठे?"

"अहो, चूक घेत नाही, चूक माझीच आहे. वाडीवर आम्ही सीट बदललीच नाही."

"बदलली ना साहेब, मीच सांगून गेलेलो," सोबतचा माणूस समजूत घातल्यासारखं म्हणाला. "जाऊ द्या. कोन नाय काय बोलत मॅडमना."

मी आवाज चढवला. वळण कुठे होतं, मान कुठे वळवली, सगळं हातवारे करून सांगितलं. आजूबाजूची दोन कुटुंबं थांबून ऐकू लागली. त्यातल्या एका बाईने आपल्या नवऱ्याला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, "शिका जरा."

मी त्या बाईकडे वळून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणार होतो. बायकोने माझी बाही धरली.

"चला हो," ती म्हणाली. "आणखी कौतुक नका करून घेऊ."