आपल्याच विरोधात वर गेलेला हात

देश, भाषा आणि माती या तिन्ही गोष्टी एकाच घोषणेत बसवणारा आमचा पक्ष पनवेलात मात्र एका खोलीत बसायचा. एसटी स्टँडच्या मागे पत्र्याचं कार्यालय, कोपऱ्यात झेंडे, आणि पंखा लावला की उडणारी पत्रकं. मोठे पक्ष फुटतात तेव्हा टीव्हीवाले धावतात. आमचा फुटायला निघाला तेव्हा समोरच्या चहावाल्यालाही ते मीच जाऊन सांगितलं.

फूट सरळ होती. एका बाजूला खाडीकाठच्या गावांतली मंडळी. त्यांच्या वडिलांची मिठागरं होती, आता कुणाची दुकानं आहेत, कुणी न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर चालवतं. दुसऱ्या बाजूला आम्ही खारघरचे नोकरदार. कुणी सातारचे, कुणी नाशिकचे, हप्ते भरून इथले झालेले. आम्हाला अध्यक्ष बदलून हवा होता आणि गावकऱ्यांना आम्हीच नको होतो. परप्रांतीयांवर मी आजवर किती भाषणं ठोकली असतील, आणि एक दिवस गावातली एक बाई मलाच म्हणाली, "तू तं भायेरची हाय." माझ्या नाकावर राग कायम असतो, पण त्या दिवशी मी पत्रकं गोळा करून घरची बस धरली.

अध्यक्ष गावचे. पनवेलात पक्षाची पाटी पहिल्यांदा लावणारे तेच. सगळे त्यांना काका म्हणत. माणूस सज्जन, पण भाषणाला उभे राहिले की आजोबांच्या मिठागरापासून सुरुवात करत, आणि आमच्या पोरांचे अंगठे मोबाईलवर फिरू लागत. मलाही वाटायचं, आता पुरे. आमचा माणूस तरुण होता, इंजिनियर होता, मुद्द्याचं बोलायचा.

महापालिकेची निवडणूक तोंडावर आली तेव्हा वाद टोकाला गेला. एका रविवारी सकाळी बैठक बोलावली. हात वर करून मतदान घ्यायचं हा आग्रह आमचाच. काकांनी खुर्चीवरून उठून स्वतः हात मोजले, एकदा त्यांच्या बाजूचे, एकदा आमचे. थोडक्या हातांनी, पण काका जिंकले. गाववाल्यांनी घोषणा दिली. मी पर्स उचलली.

"थांबा, बसा," काका म्हणाले. "आमचे गावकीत अर्दी माणसं नाय म्हनाली तं निकाल होत नाय. बैठक परत बसते. परत बसाला आता येल नाय. अर्द्या लोकांना मी नको, तं मी कोनाचा अध्यक्ष?"

आणि त्यांनी आमच्या माणसाकडे बघत त्याच्या बाजूने स्वतःचा उजवा हात वर केला.

त्यांना वाटलं असणार की त्यांच्या मागोमाग त्यांची माणसंही हात वर करतील आणि सगळ्यांचा मिळून एक निकाल होईल. एकही हात वर गेला नाही. एक जण काकांना म्हणाला, "इकलास आमाला," आणि ती सगळी मंडळी चपला घालून निघून गेली. काका मात्र हात तसाच धरून उभे होते. जिंकलेली खुर्ची अशी सोडणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आमच्या बाजूने कुणी टाळी वाजवली नाही.

पुढच्या बैठकीला मी पोचले तर काका सतरंज्या अंथरत होते. आमच्या इंजिनियर अध्यक्षाने त्यांच्या हातातलं टोक घेतलं, तर म्हणाले, "त्या बाजूनी वढ." एवढंच. टोमणा नाही, हुंदका नाही. मी त्यात काहीतरी डाव शोधत राहिले, कारण राजकारणात इतकी वर्षं काढल्यावर साधेपणावर विश्वास बसत नाही. डाव सापडला नाही.

प्रचार सुरू झाला. इंजिनियर स्वतःच उमेदवार होता, आणि गावातली मतं गेली तर सगळंच गेलं हे त्यालाही कळत होतं. पण गावात आम्हाला कुणी दारात उभं करीना. काका म्हणाले, "मी येतंय संगं." एका संध्याकाळी काका, उमेदवार आणि मी असे तिघं त्यांच्या गावात शिरलो. लोक ओट्यावर बसले होते. काकांना बघून एकेक जण उठून घरात गेला. त्यांच्या शेजाऱ्याने तर बोलता बोलता पाठ फिरवली. काका पत्रक दाराच्या कडीत खोचत आणि पुढच्या घराकडे वळत.

शेवटी ते एका दुमजली घरासमोर थांबले. "ह्यो माजा धाकटा भाव," म्हणाले. दोघा भावांचं अंगण एकच होतं आणि त्या बैठकीपासून बोलणं बंद होतं, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. भावाने आमच्यासाठी दोन खुर्च्या मांडल्या. तिसरी मांडली नाही. काका पायरीवर बसले.

भाऊ आमच्या समोर बसला आणि उमेदवाराला म्हणाला, "त्याला इचारा, त्यानी आमाला कसाला सोरला." काका आमच्याकडे पाठ करून अंगणाकडे बघत होते. उमेदवाराने घाईघाईने पत्रक पुढे केलं.

भावाने ते दोन्ही हातांत धरलं. वर मोठा उमेदवार, खाली गोल चौकटींत पदाधिकारी, त्यात माझाही फोटो. त्याचं बोट एकेका चेहऱ्यावरून सरकत शेवटपर्यंत गेलं. त्याने पत्रक उलटलं, मागची बाजू पाहिली, परत पुढची पाहिली.

"यात दादूस कुठं हाय?" दादूस म्हणजे थोरला भाऊ, आमचे काका.

कुणाचं कपट नव्हतं. पद नाही तर फोटो नाही, एवढाच आमच्याकडचा रिवाज. छापताना कुणाला प्रश्नही पडला नव्हता. उमेदवाराचे कान लाल झाले. ती पत्रकं काकांनी गावभर स्वतःच्या हाताने वाटली होती.

पायरीवरून, मागे न वळता, काका म्हणाले, "मी हितं हाय ना."

भावाने पत्रक मांडीवरून बाजूला ठेवलं. मग उठला, आमच्या मधून वाट काढत गेला आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसला. आम्ही दोघं घाईने खुर्च्यांवरून उठून उभे राहिलो.